कुंड हरवलं म्हणजे नेमकं काय हरवलं?

सिल्लोडकराला गरम पाण्याच्या झऱ्यावर आंघोळ करायची असेल तर अजिंठ्याचा घाट उतरावा लागतो. फर्दापूर, पहूर, जळगाव, मग तापी ओलांडून चोपडा तालुका. अडावदच्या उत्तरेला सातपुड्याच्या पायथ्याशी उनपदेव आहे. गोमुखातून गरम पाणी पडतं, खाली हौद आहे, शेजारी शरभंग ऋषींचं स्थान. आपल्या बाजूचे अनेक जण एकदा तरी तिथे जाऊन आलेले असतात, बहुतेक लहानपणी, कुणाच्या तरी सांधेदुखीच्या किंवा खरजेच्या निमित्ताने.

आज हा विषय घेण्याचं कारण म्हणजे पीएचडीच्या तयारीत असलेल्या मुलामुलींच्या सिनॉप्सिसमध्ये स्थानिक इतिहासाचा टॉपिक आला की एक वाक्य हमखास येतं: "सदर कुंड काळाच्या ओघात नामशेष झाले." तलाव असो, बारव असो, गरम पाण्याचं सार्वजनिक कुंड असो, वाक्य तेच. हे वाक्य लिहिलं की तुमचं संशोधन तिथेच संपलं असं समजा. काळाचा ओघ कुठलंही कुंड नामशेष करत नाही. झऱ्याची वाट बदलते, पुराने गाळ भरतो, कुणीतरी कुलूप लावतं, कुणीतरी पावती पुस्तक छापतं, कुणीतरी कुणाला तरी पायरीवरून उठवतं. यातलं नेमकं काय घडलं ते शोधणं हेच तर काम आहे.

मी हे गरम पाण्याच्याच उदाहरणावरून का सांगतोय? कारण साध्या तळ्यात जे प्रश्न एकमेकांत मिसळून जातात ते इथे सुटे दिसतात. गरम पाण्याचं सार्वजनिक कुंड म्हणजे खाली पाणी, वर दगड, त्यावर माणसांचा रिवाज, आणि त्या रिवाजाला आधार देणारा (किंवा न देणारा) हक्क. चारही गोष्टी वेगवेगळ्या वेळी हरवू शकतात. आणि चौघींची कागदपत्रं चार वेगळ्या कपाटांत असतात.

पाण्यापासून सुरू करू, कारण इथे लोकांच्या मनात एक गैरसमज पक्का बसलेला असतो. आपला दख्खन ज्वालामुखीचा, म्हणून खाली अजून लाव्हा तापतोय आणि त्यानेच पाणी गरम होतं. तसं नाही. दख्खनचा बेसॉल्ट साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. ती उष्णता कधीच निघून गेली. पावसाचं पाणी खडकातल्या खोल भेगांतून खाली जातं. जमिनीत दर किलोमीटर खोलीला तापमान साधारण २५ ते ३० अंश सेल्सियसने वाढतं. म्हणजे ६० अंशाचं पाणी वर येत असेल तर ते किमान सव्वा किलोमीटर खाली जाऊन आलंय, आणि वाटेत फारसं न थंडावता, म्हणजे बऱ्यापैकी वेगाने वर आलंय. अशी सरळ वाट फक्त मोठ्या भ्रंशांच्या पट्ट्यात मिळते. म्हणून महाराष्ट्रातले झरे विखुरलेले नाहीत, रांगेत आहेत. एक रांग कोकणात, पालघर-ठाण्यापासून राजापूरपर्यंत. दुसरी सातपुडा-तापीच्या पट्ट्यात, ज्यात उनपदेव येतं. सगळ्यांत गरम कोकणातलं दापोली तालुक्यातलं उन्हवरे, साधारण ७० अंश. या पाण्याला सगळीकडे "गंधकाचं पाणी" म्हणतात. पण कोकणातल्या झऱ्यांचं रासायनिक विश्लेषण पाहिलं तर त्यात क्लोराइडचं प्रमाण मोठं दिसतं. गंधकाचा वास यायला थोडासाच वायू पुरतो.

हे इतिहासाच्या विद्यार्थ्याला कशाला? कारण भेगेतून येणारा झरा खरोखरच मरू शकतो किंवा जागा बदलू शकतो, आणि त्याचा तुमच्या कुंडाच्या दगडाशी काही संबंध नसतो. "कुंड पडीक झालं म्हणून पाणी आटलं" आणि "पाणी आटलं म्हणून कुंड पडीक झालं" या दोन वाक्यांत कारण-परिणाम उलटे आहेत. कुठलं खरं ते भूजलाच्या नोंदींवरून ठरेल, गावकऱ्यांच्या हळहळीवरून नाही.

आता नावं. मराठीत गरम पाण्याच्या झऱ्याला 'उन्हाळे' असा शब्दच आहे. संस्कृत 'उष्ण', प्राकृत 'उण्ह', आपलं 'ऊन्ह', 'ऊन'. मग नकाशा उघडा: राजापूरजवळ उन्हाळे, दापोलीत उन्हवरे, पालीजवळ उन्हेरे, चोपड्यात उनपदेव, किनवट तालुक्यात पैनगंगेच्या काठी उनकेश्वर, आणि गुजरातच्या सीमेपलीकडे उनाई. कुंड बुजलं, झरा आटला, तरी गावाचं नाव सरकारी दप्तरात राहतं. त्यामुळे हरवलेल्या कुंडाचा शोध घ्यायचा तर पहिली पायरी म्हणजे गावांच्या याद्या चाळून 'ऊन'वाली नावं वेचायची. फुकटचं काम आहे, घरी बसून होतं.

पण लगेच उडी मारू नका. संस्कृतात 'ऊन' म्हणजे कमी असाही शब्द आहे. आपल्या 'एकोणीस'मध्ये तोच बसलाय, एक उणे वीस. मध्य प्रदेशात खरगोनजवळ ऊन नावाचं जुन्या मंदिरांचं गाव आहे, आणि तिथली लोककथा सांगते की शंभरात एक देऊळ कमी पडलं म्हणून गाव 'ऊन'. तिथे गरम पाणी शोधत बसाल तर सुट्टी वाया जाईल. नाव हा पुरावा नव्हे, नाव हा पत्ता आहे. त्या पत्त्यावर जाऊन दार वाजवायचं असतं.

नावानंतर कथा. उनपदेव आणि उनकेश्वर, दोन्हीकडे एकच ऋषी: शरभंग. एक ठिकाण तापीच्या उत्तरेला, दुसरं पैनगंगेवर, आणि कथाही जवळपास तीच. ऋषींना त्वचेचा रोग झाला, वनवासात आलेल्या रामाने बाण मारून गरम पाणी काढलं, त्या पाण्याने ऋषी बरे झाले. वाल्मीकी रामायणाच्या अरण्यकांडात शरभंग आहे, पण तिथे रामाचं दर्शन झाल्यावर तो अग्नीत प्रवेश करतो. रोग नाही, झरा नाही. म्हणजे ग्रंथातला अग्नी आणि जमिनीतली ऊब यांची गाठ लोकांनी घातली.

आपल्याकडे अशा कथेवर दोनच प्रतिक्रिया असतात: एक हात जोडणार, दुसरा हसणार. दोघंही एक गोष्ट विसरतात. कथेने रोगी निवडला तो कातडीचा. ज्वराचा नाही, पोटाचा नाही. याचा अर्थ कथा रचली गेली तेव्हा या पाण्यावर त्वचारोगी येत होते, आणि ज्यांना गावच्या पाणवठ्यावर जवळ येऊ देत नसत अशांना इथे येण्यासाठी एक ऋषी पाठीराखा मिळाला होता. कथा झऱ्याची तारीख सांगत नाही, पण त्या कुंडाचे गिऱ्हाईक कोण ते सांगते. सामाजिक इतिहास करणाऱ्याला यापेक्षा जास्त काय हवं?

लिखित साधनांकडे वळू. इंग्रजी अमदानीतली दोन साधनं तुम्हाला टाळता येणार नाहीत. एक, जेम्स कॅम्पबेलने संपादित केलेली मुंबई इलाख्याची गॅझेटियरं: खानदेश आणि रत्नागिरी १८८०, ठाणे १८८२, कुलाबा १८८३. दुसरं, भारतातल्या गरम झऱ्यांची थॉमस ओल्डहॅमने केलेली यादी; ओल्डहॅम १८७८ मध्ये गेला, आणि त्याच्या मुलाने ती १८८२ मध्ये भूगर्भ सर्वेक्षण खात्याच्या ग्रंथमालेत छापली. सुमारे ३०० झरे आहेत त्यात. दोन्ही वाचताना एक लक्षात ठेवा: तापमान फॅरनहाइटमध्ये आहे, आणि ते कुठे मोजलं ते नेहमी सांगितलेलं नसतं. गोमुखाशी मोजलेलं आणि हौदात मोजलेलं यात चांगलाच फरक पडतो, कारण हौदातलं पाणी निवतं. दीडशे वर्षांपूर्वीच्या आकड्याशी आजचा आकडा ताडून "झरा थंड होत चाललाय" असं लिहिणारे हा फरक विसरतात.

आणखी एक खाचखळगा. ठाणे गॅझेटियर १८८२ चं. त्यात वज्रेश्वरी-अकलोलीची तानसा नदीकाठची कुंडं येतात. वज्रेश्वरीचं देऊळ चिमाजी अप्पाने १७३९ च्या वसई विजयानंतर नवस फेडायला बांधलेलं, हे बऱ्याच जणांना माहीत असतं. पण गॅझेटियर छापल्यानंतर दहा वर्षांनी, १८९२ मध्ये, मुंबईला पाणी द्यायला त्याच नदीवर वरच्या अंगाला तानसा धरण झालं. म्हणजे गॅझेटियरमधली नदी ही न अडवलेली नदी आहे. नदीपात्रातल्या कुंडांचं वर्षभराचं गणित पुरावर चालतं: पावसाळ्यात पाण्याखाली, पूर ओसरला की गाळ उपसायचा, मग आंघोळी. नदी बदलली की हे गणित बदलणारच. शिवाय जवळच्या गणेशपुरीला १९३० च्या दशकात स्वामी नित्यानंद येऊन राहिले आणि १९६१ मध्ये तिथेच समाधिस्थ झाले. त्यानंतर त्या गावाला लोक झऱ्याइतकेच, किंबहुना झऱ्यापेक्षा जास्त, समाधीसाठी येऊ लागले. १८८२ चं पान आणि आजची भेट यांत धरण आणि एक संत उभे आहेत. मधलं सगळं "काळाचा ओघ" नाही.

आपल्या मराठवाड्यातल्या मुलांसाठी इथे खास सूचना. सिल्लोड काय, किनवट काय, हा सगळा निजामाचा मुलूख. कॅम्पबेलच्या मालिकेत तो नाही. औरंगाबाद जिल्ह्याचं स्वतंत्र गॅझेटियर १८८४ चं आहे. बाकी दप्तर फारसी आणि उर्दूत, त्यातलं बरंचसं हैदराबादच्या तारनाक्यातल्या अभिलेखागारात. आणि किनवट तालुका १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होता. त्यामुळे उनकेश्वरची जुनी कागदपत्रं "नांदेड" या नावाखाली मागितलीत तर कारकून खरंच सांगतोय की काही नाही. आदिलाबाद म्हणून मागा. कुंड जागचं हललेलं नसतं, जिल्हा हललेला असतो. अर्ध्या "हरवलेल्या" गोष्टी अशाच हरवलेल्या असतात.

"पूर्वी खूप होतं, आता थोडंच उरलं" ही तक्रार मात्र आजची नाही. ज्या ह्युएनत्संगाच्या प्रवासवर्णनात आपल्या अजिंठ्याचं वर्णन असावं असं मानतात, त्यातच बिहारमधल्या राजगीरच्या गरम झऱ्यांची हकिकत आहे. सातव्या शतकात तो लिहितो की डोंगराच्या उतारावर पूर्वी पाचशे झरे होते, आता काही दहाच उरलेत, आणि त्यातलेही काही कोमट, काही थंड. दगडी हौदांत पाणी साठतं, दूरदेशचे लोक येऊन न्हातात, जुने आजार बरे होतात, असंही तो नोंदवतो. मग आपण आलेख काढायचा का, पाचशेवरून काही दहांवर? थांबा. पुढे तो कारण सांगतो: हिमालयातल्या अनवतप्त सरोवराचं पाणी जमिनीखालून पाचशे प्रवाहांनी येतं, आणि वाटेत लहान लहान नरकांच्या ज्वाळांनी तापतं. म्हणजे झऱ्यांचे पाचशे आणि प्रवाहांचे पाचशे एकच. हा आकडा मोजलेला नाही, मानलेला आहे. उरलेले काही दहा मात्र त्याने बहुधा डोळ्यांनी पाहिले. एकाच वाक्यातला एक आकडा श्रद्धेचा आणि दुसरा नजरेचा असू शकतो. दोन्हींना सारखं वजन दिलंत की आलेख फसला.

राजगीरबद्दलच आणखी जुनी गोष्ट विनयपिटकात आहे, आणि ती मला या सगळ्या विषयाचा गाभा वाटते. तपोदा नावाच्या गरम पाण्यावर भिक्षू न्हात होते. राजा बिंबिसार डोकं धुवायला आला. भिक्षूंचं होऊ दे म्हणून तो बाजूला थांबला. भिक्षू अंधार पडेपर्यंत न्हातच राहिले. राजाने उशिरा आंघोळ केली, तोवर नगराची वेस बंद, आणि मगधाच्या राजाला रात्र बाहेर काढावी लागली. त्यावरून बुद्धांनी नियम केला की भिक्षूने पंधरा दिवसांच्या आत पुन्हा आंघोळ करू नये. पुढे उन्हाळा, आजारपण, काम, प्रवास अशा सवलती आल्या. राजा रांगेत उभा राहतो, आणि नियम राजासाठी नव्हे तर जागा अडवणाऱ्यांसाठी होतो. सार्वजनिक पाण्याचा प्रश्न तेव्हापासून हाच आहे: आधी कोण, किती वेळ, आणि कोण बाहेर.

'सार्वजनिक' हा शब्द आपण फार सैल वापरतो. गावाबाहेर, उघड्यावर, कुणीही जाऊ शकतं म्हणून सार्वजनिक? १९२३ मध्ये सीताराम केशव बोले यांनी मुंबई विधिमंडळात ठराव मंजूर करून घेतला की सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात. ठरावाची भाषा नीट वाचा: सरकारी पैशाने बांधलेल्या आणि सांभाळलेल्या, अथवा सरकारने नेमलेल्या किंवा कायद्याने निर्माण झालेल्या संस्थांच्या ताब्यातल्या. मग एखाद्या सरदाराने नवसापोटी बांधलेलं, पुजाऱ्याच्या वहिवाटीतलं, इनाम जमिनीवर पोसलेलं गरम पाण्याचं कुंड यात बसतं का? झरा तर कुणीच बांधलेला नाही! महाडला हेच झालं. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळं खुलं असल्याचा ठराव केला, २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह तिथे पाणी प्यायले, आणि विरोधकांनी न्यायालयात दावा लावला की तळं सार्वजनिक नाहीच, खाजगी आहे, आणि अस्पृश्यांना मज्जाव ही अनादी वहिवाट आहे. मुंबई उच्च न्यायालयाने १७ मार्च १९३७ ला निकाल बाबासाहेबांच्या बाजूने दिला: अशी अनादी वहिवाट सिद्ध झालेली नाही. दहा वर्षं लागली एका तळ्याला. त्याच महाडजवळ सावित्रीकाठी सव गावात गरम पाण्याचे झरे आहेत. चवदार तळ्याच्या खटल्यामुळे पाण्यावरच्या हक्काची एवढी कागदपत्रं तयार झाली; ज्या कुंडांवर खटला झाला नाही, तिथला मज्जाव कुठल्याच कागदावर उतरला नाही.

म्हणून राज्यघटनेच्या कलम १५(२) मधले शब्द मला फार नेमके वाटतात. विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते. आणि अट अशी की ते पूर्णतः किंवा अंशतः सरकारी पैशाने राखलेले असावेत, किंवा सर्वसाधारण जनतेच्या वापरासाठी समर्पित केलेले असावेत. १९२३ च्या ठरावात नसलेलं ते 'समर्पित' इथे आलं. आता नवसाचं कुंडही या कक्षेत आणता येतं, पण ते कुणासाठी समर्पित केलं होतं हे दाखवावं लागतं. ते दाखवणारी कागदपत्रं म्हणजे इनामाची सनद, देवस्थानाची नोंद, सातबाऱ्यातला 'इतर अधिकार'चा रकाना. इतिहासाच्या विद्यार्थ्याचं काम इथे थेट हक्काच्या कामाला येतं, त्यामुळे या नोंदी घाईत उतरवू नका.

आता उलटं उदाहरण पाहा, जिथे पाणीही आहे, दगडही आहे, तरी सार्वजनिक कुंड गेलं. इंग्लंडमधलं बाथ. गावाचं नावच आंघोळीवरून. रोमनांनी बांधलेला हौद शाबूत आहे, झऱ्याचं पाणी साधारण ४६ अंशाचं, दिवसाला दहा लाख लिटरच्या वर, आजही येतं. १९७८ मध्ये तिथल्या झऱ्याच्या पाण्यात पोहलेल्या एका मुलीचा मेंदूच्या संसर्गाने मृत्यू झाला. गरम गोड्या पाण्यात वाढणारा नेग्लेरिया फाउलेरी हा अमीबा झऱ्यात सापडला, आणि स्नान बंद झालं. नंतर खोल बोअर घेऊन स्वच्छ पाणी आणलं गेलं, आणि २००६ मध्ये नवं स्नानगृह उघडलं, अर्थात तिकीट लावून. रोमन हौदाकाठी पर्यटक उभे राहतात, पाण्यात हात घालू नका अशी पाटी वाचतात. इथे तुम्ही "नामशेष" लिहाल का? हरवला तो रिवाज, तोही एका ठराविक वर्षी, ठराविक कारणाने. आपल्याकडच्या कुंडांवर कुलूप दिसलं की मी आधी हेच विचारतो: कुठल्या वर्षी, कुणाच्या सहीने, कारण काय लिहिलं होतं. आरोग्याचं कारण खोटं असतं असं अजिबात नाही. हा अमीबा खराच आहे, आणि नाकात पाणी जाऊ देऊ नका हा सल्ला आपल्याकडेही लागू आहे. पण कारण खरं असलं तरी नंतर कुंड पुन्हा कुणासाठी उघडलं, हा प्रश्न उरतोच.

तेव्हा तुमच्या टॉपिकमध्ये हरवलेलं कुंड असेल तर सिनॉप्सिसमध्ये चार वर्षं शोधायची तयारी दाखवा: पाणी बदललं ते, बांधकाम पडलं किंवा नव्याने झालं ते, लोकांनी येणं थांबवलं ते, आणि ताबा कुणाकडे गेला ते. चारही मिळणार नाहीत. दोन मिळाली तरी मधल्या अंतरावर प्रकरण उभं राहतं. तुमचे गाईड विचारतील की यात नवीन काय. तेव्हा त्यांना त्या दोन तारखांमधलं अंतर दाखवा.

आणि क्षेत्रभेटीला गेलात की थर्मामीटर गोमुखाशी धरा, हौदात नको. वेळ आणि महिना वहीत टाका. म्हाताऱ्या पुरुषांशी बोलून झालं की बायकांकडे जा, कारण बायकांची आंघोळीची वेळ आणि जागा वेगळी असायची, आणि ती पुरुषांच्या आठवणीत नसते. मग हौदाच्या सांडव्यातून बाहेर पडणारं पाणी ज्या पाटाने जातं त्या पाटाने खाली खाली चालत जा. ज्यांना वरच्या हौदात उतरू दिलं जात नसे त्यांनाही ऊन पाणी हवंच होतं. खाली कुठे एखादा झिजलेला दगड, बांधलेली पायरी, खोलगट डबकं दिसलं तर फोटो काढा, मोजमाप घ्या, आणि तिथे कोण न्हायचं ते विचारा.